लिहिणे आणि बोलणे

मुलांनो, श्रुतलेखनाच्या तासाला तुम्हांला एक प्रश्न नक्कीच पडत असेल. ‘ऋतू’ हा शब्द कानाला ‘रुतू’ असा ऐकू येतो. मग तो तसाच लिहिला तर गुण का कापायचे? आमच्या गोंडपिपरीत शिकत असताना मलाही या प्रश्नाने पुष्कळ छळले आहे.

आधी तुमच्या उर्दूकडेच पाहा. ‘ख्वाब’ लिहिताना तुम्ही ‘वाव’ लिहिता. पण वाचताना ‘खाब’ म्हणता. ‘से’, ‘सीन’ आणि ‘साद’ ही अक्षरे तीन, पण उच्चार एकच. अरबीत मात्र या तिन्हींचे उच्चार वेगवेगळे आहेत. इंग्रजीतही तसेच. ‘नाइट’ म्हणजे सरदार. या शब्दाच्या आरंभीचा ‘के’ आज मुका आहे. पण एके काळी तो स्पष्ट उच्चारला जाई. कॅक्स्टनने १४७६ साली इंग्लंडमध्ये छापखाना काढला. हळूहळू छापील स्पेलिंग कायम झाले. जीभ मात्र बदलत राहिली.

मराठीही याला अपवाद नाही. ‘ष’ आणि ‘श’ यांचे उच्चार पूर्वी निराळे होते. आज बहुतेकांच्या तोंडी ते एकच झाले आहेत. जुनी पुस्तके उघडा. त्यांत ‘नांव’, ‘कांहीं’, ‘घरांत’ असे शब्द दिसतील. हे अनुस्वार उगीच आलेले नव्हते. त्यांतले बरेचसे पूर्वी नाकातून उच्चारले जात. पुढे उच्चार गेला, टिंबे तेवढी राहिली. मुले ती पाठ करून थकत. अखेर मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले नियम १९६२ साली महाराष्ट्र शासनाने मान्य केले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. म्हणजे लेखनाचे नियम माणसेच करतात आणि गरज पडली की बदलतातही.

आता आपल्या गावाकडचे बघा. इकडच्या झाडीबोलीत ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतात. तुमच्या घरीही ‘पानी’च म्हणतात. संस्कृतातला मूळ शब्द ‘पानीय’; त्यातही ‘न’च आहे. तरीसुद्धा असे बोलणाऱ्या मुलाला वर्गात कुणी हसले, की तो पुन्हा तोंड उघडायला धजत नाही. हे नुकसान अर्ध्या गुणापेक्षा फार मोठे आहे.

म्हणून मुलांनो, वहीत ‘पाणी’ असे नेटके लिहा. चंद्रपूरच्या मुलाचे पत्र कोल्हापूरच्या मुलाला नीट वाचता यावे, यासाठीच लेखनाचा एक नियम हवा. पण आपल्या बोलीची लाज मात्र कधीही बाळगू नका आणि दुसऱ्याच्या उच्चाराला हसू नका.