काकांच्या वाटणीचा फराळ

दिवाळीचा फराळ तयार झाला की माझी काकी सगळ्यांत आधी एक लहानसा पत्र्याचा डबा भरी. चार करंज्या, चार लाडू, मूठभर चिवडा. डबा फळीवर जाऊन बसे आणि तुळशीच्या लग्नापर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. लग्न लागले की काकी तो आम्हां मुलांपुढे उघडी. करंज्या मऊ पडलेल्या असत, पण आम्ही त्यांवर तुटून पडत असू. तो फराळ काकांच्या वाटणीचा होता, हे कळायला मला बरीच वर्षे लागली.

काका आगबोटीवर खलाशी होते. रत्नागिरीच्या मांडवी बंदरातून पडावाने बोटीवर चढायचे, मुंबई गाठायची आणि सारंगाच्या ओळखीने एखाद्या मालाच्या बोटीवर नाव लावायचे, ही आमच्या किनाऱ्यावरची जुनी रीत. १९४२ साली काका असेच गेले. मग एक कागद आला. जर्मन पाणबुडीने बोट बुडवली, एवढेच त्यातून काकीला कळले.

पुढे मी शाळामास्तर झालो आणि त्या लढाईविषयी मिळेल ते वाचू लागलो. काकांच्या नव्हे, पण तशाच एका बोटीची हकीकत त्यात हाती आली. तिचे नाव 'सिटी ऑफ कैरो'. १९१५ सालची जुनी बोट. १ ऑक्टोबर १९४२ ला ती मुंबईहून विलायतेला निघाली. पोटात चांदीच्या रुपयांच्या सुमारे दोन हजार पेट्या, वर तीनशेच्या आसपास माणसे. त्यांत बायकामुले होती, आणि गोऱ्यांपेक्षा कितीतरी कमी पगारावर राबणारे आपल्याकडचे खलाशीही होते. केपटाउन सोडल्यावर, ६ नोव्हेंबरच्या रात्री, म्हणजे इकडे ऐन दिवाळीच्या तोंडावर, सेंट हेलेना बेटाच्या दक्षिणेला तिला पाणतीर लागला. माणसे होड्यांत उतरत होती, तेवढ्यात दुसरा लागला.

तो सोडणारा अधिकारी कार्ल-फ्रीडरिश मेर्टेन. जन्म १९०५ चा, १९२६ पासून जर्मन आरमारात. 'यू-६८' या पाणबुडीवर असताना त्याने २७ बोटी बुडवल्या. त्या रात्री तो पाणबुडी वर घेऊन होड्यांजवळ आला. बोटीचे नाव विचारले, जमीन कुठल्या दिशेला आहे ते सांगितले. जाताना शुभरात्री म्हणाला आणि तुमची बोट बुडवावी लागली याचे वाईट वाटते, असेही म्हणाला. मग काळोखात निघून गेला.

बोट बुडताना फार थोडे गेले. बाकीचे होड्यांत गेले, तहानेने आणि थकव्याने. एक होडी ५१ दिवसांनी ब्राझीलच्या बाजूला सापडली, तेव्हा तिच्यात दोघेच जिवंत होते. एकूण १०४ माणसे दगावली. मेर्टेनला त्याच महिन्यात मोठे शौर्यपदक मिळाले. लढाईनंतर पुष्कळ वर्षांनी तो वाचलेल्यांपैकी काहींना भेटला, आणि १९९३ साली वारला.

एका दिवाळीत, १९८५-८६ च्या सुमारास, मी ही हकीकत काकीला सांगितली. खरे म्हणजे तिला बरे वाटावे म्हणून. काकांना बुडवणाराही असाच कुणी सभ्य गृहस्थ असेल, असे काहीसे माझ्या मनात होते. काकी करंज्यांना मुरड घालीत ऐकत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "वाट सांगितलीन म्हणतोस. म्हणजे वाट ठाऊक होती त्याला. मग सोबत का नाही गेला?"

मी तिला 'लॅकोनिया'ची गोष्ट सांगितली. त्याच्या आठच आठवडे आधी हार्टेनस्टाइन नावाच्या दुसऱ्या जर्मन अधिकाऱ्याने ती बोट बुडवली होती. मग बुडणाऱ्यांना त्याने आपल्याच पाणबुडीवर घेतले, होड्या ओढीत नेल्या, मदतीची हाक दिली. तरी अमेरिकन विमानाने त्याच्यावर बाँब टाकले. तेव्हा जर्मन पाणबुड्यांचा मुख्य डॉनिट्स याने हुकूमच काढला, की यापुढे बुडालेल्या बोटीच्या माणसांना वाचवायचे नाही.

काकीचे हात थांबले. "म्हणजे त्याच्यावरपण सारंग होताच की रे," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "पण त्या दुसऱ्याने काढलेन ना माणसं? एकाने तरी काढलेन."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. मी गृहस्थाची सभ्यता पाहत होतो, ती होडीतल्या माणसांकडे पाहत होती. तिने पत्र्याचा डबा पुढे ओढला आणि नेहमीप्रमाणे चार करंज्या मोजून ठेवल्या.

काकी आता नाही. २०११ साली त्या बोटीचा सांगाडा पाच हजार मीटरहून खोल पाण्यात सापडला आणि २०१५ मध्ये बातमी आली, की चांदीचे रुपये वर काढले. एवढ्या खोलातून रुपये वर येऊ शकतात, हे वाचून मी फळीवरच्या त्या डब्याकडे पाहिले. आता तो माझी सून भरते. कुणासाठी, ते नातवंडांना अजून सांगितलेले नाही. या तुळशीच्या लग्नाला सांगायचे ठरवले आहे.