येणे बाकी

व्यापारी घरात दोन प्रकारच्या रकमा वहीवर चढताना हात थबकतो. एक, गुप्तदानाची, ती कोणाला कळू नये अशी इच्छा असते. दुसरी, घरातल्या माणसाच्या मृत्यूपोटी आलेल्या भरपाईची. ती मोजणेच नकोसे वाटते. पहिल्या बाबतीत मौन शोभते. दुसऱ्या बाबतीत त्याच मौनाची किंमत विधवेला, मुलांना आणि म्हाताऱ्या आईला मोजावी लागते, आणि ती त्यांना कळतही नाही.

दक्षिण महाराष्ट्रातल्या एका बाजारपेठेच्या गावी भुसार मालाची जुनी पेढी आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये पेढीचे थोरले बंधू महामार्गावरील अपघातात गेले. मागे पत्नी, दहावीतली मुलगी, सातवीतला मुलगा आणि वृद्ध आई. धाकट्या भावाने पेढी सांभाळली आणि घरही सांभाळले. पुतण्यांच्या शिक्षणात त्याने कधी हात आखडता घेतला नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा दाखल झाला. निकाल लागला तो फेब्रुवारी २०२२ मध्ये. मूळ भरपाई ४२ लाख रुपये. त्यावर साडेसात टक्क्यांनी सहा वर्षांचे सरळव्याज १८ लाख ९० हजार. वाटणी न्यायाधिकरणानेच ठरवून दिली होती : पत्नीला निम्मा हिस्सा, दोन्ही मुलांना प्रत्येकी वीस टक्के आणि आईला दहा टक्के. मार्चमध्ये विमा कंपनीने पैसे भरले. निकालानंतरच्या थोड्या दिवसांचे व्याज किरकोळ होते. ते या हिशेबात धरलेले नाही.

पैसे भरताना कंपनीने सगळ्या व्याजावर दहा टक्के टीडीएस कापला, म्हणजे १ लाख ८९ हजार रुपये. आणि तो संपूर्ण कापला एकट्या पत्नीच्या पॅनवर. मूळ भरपाईला हात लागत नाही, पण व्याजाची रक्कम आर्थिक वर्षात पन्नास हजारांवर गेली की प्राप्तिकर कायद्याच्या कलम १९४-ए प्रमाणे कपात करावी लागे. कंपनीच्या दृष्टीने एक दावा, एक नाव, एक कपात. पुढे जुलैमध्ये पेढीचे विवरणपत्र भरणाऱ्या गृहस्थांनी फॉर्म २६ एएस उघडला, त्यात दिसलेले १८ लाख ९० हजार जसेच्या तसे वहिनींचे ‘इतर उत्पन्न’ म्हणून दाखवले आणि उपकरासह ३ लाख ९४ हजार ६८० रुपये कर काढला. कापलेला टीडीएस वजा जाता आणखी २ लाख ५ हजार ६८० रुपये भरायचे निघाले. उशिराचे व्याज वेगळे. दिराने ती रक्कम पेढीतून भरली, वहिनींच्या खात्यावर नावे टाकली आणि विषय मिटला असे धरले.

मिटला असताही. पण दिवाळीच्या सुटीत एम.कॉम.ला असलेली मुलगी घरी आली आणि पेढीवर खतावणी चाळताना तिला आईच्या नावे ही रक्कम दिसली. तिने विचारले, “काका, हे व्याज चौघांचे होते ना? मग कर एकट्या आईचा कसा?”

प्रश्न साधा होता, पण एकत्र कुटुंबात साधा प्रश्नही साधा राहत नाही. सात वर्षे ज्याने घर ओढले त्याला पुतणीने हिशेब विचारावा, हे काकांना लागले. ते एवढेच म्हणाले, “कर सरकारात गेला आहे, माझ्या खिशात नाही.” आईने मुलीला आत बोलावून दटावले. तिच्या मनाला वेगळीच टोचणी होती. “बाबांच्या जिवाचे पैसे आहेत ते. त्यातले दोन लाख कमी आले म्हणून का कोर्टकचेरी करायची? आपण पैशासाठी हपापलो आहोत असे लोक म्हणतील.”

कोंडी सोडवली ती आजींनी. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंतचे, पण उभा जन्म पेढीच्या घरात गेलेला. त्या धाकट्या मुलाला म्हणाल्या, “अरे, तुझा दादा रोजमेळात चार आण्यांचा फरक आला तरी रात्री जेवायला उठत नव्हता. तो फरक गिऱ्हाइकाचा असला तर सकाळी माणूस पाठवून परत करायचा. दुसऱ्याचे ठेवायचे नाही हे जसे, तसे आपले येणे सोडून द्यायचे नाही हेही त्यानेच शिकवले ना तुला? पोरीने तुला जाब विचारलेला नाही. तिने मेळ विचारला आहे.”

काका काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः निकालाची प्रत, टीडीएसचे प्रमाणपत्र आणि भरलेले विवरणपत्र पिशवीत घालून पुतणीला बरोबर घेतले आणि ते सांगलीच्या एका चार्टर्ड अकाउंटंटकडे गेले.

तिथे उलगडलेला हिशेब अशा प्रत्येक घराने समजून घ्यावा असा आहे. भरपाईवरील व्याज ज्या वर्षी हाती येते त्या वर्षीचे उत्पन्न धरावे असे कायदा सांगत होता. पण त्याच कायद्याच्या कलम ५७ मध्ये अशा व्याजातून सरसकट निम्मी रक्कम वजा मिळत होती. ही वजावट विवरणपत्रात घेतलीच गेली नव्हती. दुसरी गोष्ट, व्याज चार जणांचे होते. ज्याचा हिस्सा त्याचे उत्पन्न. निकालाच्या वेळी दोन्ही मुले सज्ञान झाली होती, त्यामुळे त्यांचा हिस्सा आईच्या उत्पन्नात मिळवण्याचे कारण नव्हते. मुले अज्ञान असती तर हा मुद्दा निराळा झाला असता.

या दोन दुरुस्त्यांनंतर आकडे असे झाले : आईचे व्याज ९ लाख ४५ हजार, त्यातले निम्मे, म्हणजे ४ लाख ७२ हजार ५०० करपात्र, पाच लाखांच्या आतील उत्पन्नाला कलम ८७-ए ची सूट, म्हणून कर शून्य. मुलांचे प्रत्येकी ३ लाख ७८ हजार, निम्मे १ लाख ८९ हजार. अडीच लाखांच्या मर्यादेच्या आत, कर शून्य. आजींचे १ लाख ८९ हजार, निम्मे ९४ हजार ५००, कर शून्य. चौघांचे दुसरे उत्पन्न नसल्याने ज्या रकमेवर जवळजवळ चार लाख भरले गेले होते, त्या रकमेवर एक रुपयाही कर लागत नव्हता.

याशिवाय एक तिसरी वाट होती. ऑगस्ट २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने असा निर्णय दिला होता की मोटार अपघाताच्या दाव्यात अर्ज दाखल झाल्यापासून निकालापर्यंतचे व्याज हे उत्पन्नच नव्हे. तर्क सोपा आहे. भरपाई ज्या दिवशी मिळायला हवी होती त्या दिवशी मिळाली नाही. वर्षे गेली, पैशाचे मोल उतरले. व्याज त्या उशिराची भर काढते. सावकाराच्या व्याजाशी त्याचे नाव जुळते, जात जुळत नाही. या घरात दोन्ही वाटांनी उत्तर शून्यच येत होते. म्हणून सल्लागारांनी वादाला जागा न ठेवणारी पहिली वाट धरली. मात्र त्यांनी एक गोष्ट बजावून सांगितली : भरपाईची रक्कम मुदत ठेवीत ठेवल्यावर बँक जे व्याज देते, ते नेहमीसारखे करपात्र उत्पन्नच. त्याला यातली कोणतीही सवलत लागू नाही.

उत्तर कागदावर सोपे, वाट मात्र चालावी लागली. सुधारित विवरणपत्राची मुदत ३१ डिसेंबर २०२२. हाती दोन महिनेही नव्हते. तिघांच्या वाट्याचा टीडीएस त्यांच्या नावावर जाण्यासाठी वहिनींनी विमा कंपनीला लेखी निवेदन दिले. प्राप्तिकर नियम ३७-बीए त्याची सोय करत होता. निवेदनाला न्यायाधिकरणाच्या वाटणीच्या आदेशाची प्रत जोडली. कंपनीने आपल्या तिमाही टीडीएस विवरणात दुरुस्ती करेपर्यंत काकांनी चार खेपा घातल्या. आजींचे पॅनच नव्हते, ते काढले. चौघांची बँक खाती पॅनशी जोडून पोर्टलवर प्रमाणित करून घेतली, कारण त्याशिवाय परतावा जमा होत नाही. आईचे सुधारित विवरणपत्र आणि इतर तिघांची उशिराची विवरणपत्रे डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दाखल झाली. तिघांचे उत्पन्न करमर्यादेच्या आत असल्याने विलंबशुल्क लागले नाही. दाखल केल्यावर तीस दिवसांत पडताळणी न केल्यास सगळे श्रम वाया जातात, हे लक्षात ठेवून मुलीने आजीच्या मोबाइलवर आलेला आधारचा ओटीपी त्यांच्याच तोंडून वाचून घेतला.

परतावे एकाच दिवशी आले नाहीत. आईचे ३ लाख १८० रुपये फेब्रुवारीत आले. मुलीचे ३७ हजार ८०० आणि आजींचे १८ हजार ९०० त्यामागून. मुलाचा परतावा टीडीएसचा आकडा न जुळल्याने अडला. दुरुस्तीचा अर्ज केल्यावर तोही ३७ हजार ८०० चा उन्हाळ्यात सुटला. एकूण ३ लाख ९४ हजार ६८०, आणि वर दरमहा अर्धा टक्का दराने सरकारने दिलेले व्याज. हे व्याज मात्र मिळाले त्या वर्षी उत्पन्नात दाखवावे लागते; पुढच्या जुलैत मुलीने ते न विसरता दाखवले.

पेढीतून भरलेली रक्कम वहिनींच्या खात्यातून वळती झाली. पुस्तकात नावे आणि जमा समोरासमोर आली. आजींनी आपले पैसे नातवाच्या वसतिगृहाच्या फीसाठी दिले, पण आधी स्वतःच्या पासबुकात त्यांची नोंद पाहून घेतली. आयुष्यात सरकारकडून त्यांच्या नावाने आलेली ती पहिलीच रक्कम होती.

या प्रकरणात कोणी लबाडी केली नव्हती. कंपनीने कायद्याप्रमाणे कापले, दिराने पदरचे पैसे वेळेवर भरले, वहिनींनी शोकाची मर्यादा पाळली. तरीही चौघांचे पैसे जिथे नसायला हवेत तिथे पडून होते; कारण ही रक्कम कोणाची, हा प्रश्न विचारणे प्रत्येकाला अप्रशस्त वाटले. ज्या घरात पेढीचा मेळ रोज लागतो, त्या घरातल्या विधवेच्या आणि मुलांच्या रकमेचाही लागावा, यात अविश्वास कसला? हिशेब स्वच्छ असला तर सांभाळणाऱ्याच्या उपकारावर संशयाची सावली पडत नाही. पुढे मुले वेगळी झाली, सुना आल्या, तरी कोणाला जुन्या वह्या काढून कुजबुजावे लागत नाही. ज्या काकांना प्रश्न लागला होता, तेच आता पेढीवर येणाऱ्या प्रत्येक ओळखीच्या घराला विचारतात : निकाल कधी लागला, कपात कोणाच्या नावावर झाली?

पुढच्या कुटुंबांची वाट सोपी होण्याची चिन्हे आहेत. फेब्रुवारी २०२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात, मोटार अपघात न्यायाधिकरणाने व्यक्तीला मंजूर केलेल्या व्याजावर प्राप्तिकर नसावा आणि टीडीएसही कापू नये, असा प्रस्ताव मांडला गेला. परंतु आधीच्या वर्षांत कापला गेलेला कर त्यामुळे आपोआप घरी परतत नाही. तो मागावाच लागतो. मुदत टळली असेल तरी दार पूर्ण बंद होत नाही. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार, संबंधित करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांपर्यंत विलंब माफ करून परतावा मागण्याचा अर्ज करता येतो. करनिर्धारण वर्ष २०२२-२३ साठी ही मुदत ३१ मार्च २०२८ पर्यंत येते. अशा उशिराच्या परताव्यावर सरकार व्याज देत नाही, आणि ‘अद्ययावत विवरणपत्र’ म्हणून जी वेगळी सोय आहे ती परतावा मागण्यासाठी वापरता येत नाही, एवढे ध्यानात असावे.

अशा दाव्याचा निकाल ज्या घरी आला असेल, त्यांनी तीन कागद एकत्र ठेवावेत : वाटणी नमूद असलेली निकालाची प्रत, टीडीएसचे प्रमाणपत्र आणि त्या वर्षाचे भरलेले विवरणपत्र. तिन्हींवरची नावे आणि आकडे एकमेकांशी जुळतात का, एवढे पाहायला एक दुपार पुरते.