आधीची निवडणूक

लखनौ,
फेब्रुवारी २०२६

चि. केतकी,


तुझं पत्र वाचलं. नागरिकत्व मिळालं, नोव्हेंबरमध्ये तिथलं पहिलं मत द्यायचं आणि नेमकी गव्हर्नरची खुर्ची मोकळी होतेय. केव्हिन स्टिट यांच्या दोन मुदती संपत आल्या, तिसरी कायद्यात नाही. पण टल्सात भेटेल तो माणूस म्हणतो, ओक्लाहोमाचा निकाल ठरलेलाच असतो. मग रांगेत उभं राहायचं कशाला, असं तू विचारलंस. आणि जाता जाता हेही, की ‘मामा, तुमच्या लखनौला गव्हर्नर कसा निवडतात?’

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. निवडत नाहीत, दिल्लीहून पाठवतात. पण राज्यपालाची निवडणूक अगदी थोडक्यात टळली. १९४७ च्या उन्हाळ्यात वल्लभभाई पटेलांच्या समितीने सुचवलं होतं की राज्यपाल प्रौढ मतदानाने थेट लोकांनी निवडावा, म्हणजे जवळजवळ तुमच्यासारखाच. पुढे विचार पालटला. एकाच राज्यात लोकांनी निवडलेला राज्यपाल आणि लोकांनीच निवडलेला मुख्यमंत्री असले, तर दोघांची रोज जुंपणार, ही भीती खरी होती. फाळणीच्या जखमा ताज्या होत्या, केंद्राची पकड घट्ट हवी असंही वाटत होतं. शेवटी मे १९४९ च्या अखेरीस घटना समितीने नेमणुकीचा पर्याय स्वीकारला.

नेमणुकीने भांडणं थांबली का, ते लखनौला विचारावं. २१ फेब्रुवारी १९९८ च्या रात्री राज्यपाल रोमेश भंडारी यांनी कल्याणसिंह यांचं सरकार बडतर्फ केलं आणि त्याच रात्री जगदंबिका पाल यांना शपथ दिली. दोन दिवसांत अलाहाबाद उच्च न्यायालयाने कल्याणसिंहांना परत बसवलं. सर्वोच्च न्यायालयाने मग दोन्ही दावेदारांना एकाच वेळी सभागृहासमोर उभं केलं. कल्याणसिंहांना २२५ मतं, पाल यांना १९६. इथे आजही पाल यांना ‘एक दिन का मुख्यमंत्री’ म्हणतात. महाराष्ट्राने २०१९ च्या नोव्हेंबरात पहाटेचा शपथविधी पाहिला, तेव्हा इथल्या जुन्या लोकांना नवल वाटलं नाही.

नेमलेला राज्यपाल नेहमी असाच वागतो असं मात्र नाही. २०१४ ते २०१९ इथे राम नाईक होते. आपल्या सांगलीकडचे, आटपाडीत वाढलेले, उत्तर मुंबईतून पाच वेळा खासदार. वाजपेयींच्या सरकारात १९९९ पासून २००४ पर्यंत पेट्रोलियम मंत्री. गॅसच्या जोडणीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट पाहणं तुझ्या आईला आठवत असेल, ते त्यांच्याच काळात संपलं. लखनौच्या राजभवनात आल्यावर त्यांनी दरवर्षी आपल्या कामाचा अहवाल छापून लोकांपुढे ठेवला. असा हिशेब कुणी मागितलेला नव्हता. पण अधिकाराचं म्हणशील, तर ज्या माणसाने देशाचं तेल सांभाळलं, त्याला इथे एखाद्या गावचा ट्रान्सफॉर्मर बदलून देण्याचाही हक्क नव्हता. राज्यपाल पत्र लिहू शकतो, विधेयक अडवून धरू शकतो, शपथ देऊ शकतो. बाकी सगळं मुख्यमंत्र्याकडे.

म्हणून तुमच्या गव्हर्नरशी ताडून पाहायचं ते आमच्या मुख्यमंत्र्याला. आणि त्याची ‘मोकळी खुर्ची’ मी इथे पाहिली आहे.

११ मार्च २०१७. विधानसभेच्या ४०३ जागांपैकी भाजपला एकट्याला ३१२. मुख्यमंत्री कोण होणार हे प्रचारात सांगितलंच नव्हतं. कोट्यवधी लोकांनी पक्ष निवडला, माणूस निवडायचा राहिला. पुढचा आठवडाभर नुसती नावं फिरत होती: मनोज सिन्हा, केशवप्रसाद मौर्य, आमचे खासदार राजनाथसिंह. चहाच्या टपरीवर प्रत्येकाला आतली बातमी होती. १८ मार्चला आमदारांची बैठक झाली आणि योगी आदित्यनाथ यांचं नाव जाहीर झालं. ते तेव्हा गोरखपूरचे खासदार होते. विधानसभेच्या एकाही मतदारसंघात त्यांच्या नावाचं बटण नव्हतं. दुसऱ्या दिवशी स्मृती उपवनात राम नाईकांनीच त्यांना शपथ दिली. यात बेकायदा काही नव्हतं. आमदारांनी नेता निवडायचा हीच आपली रीत. पण खरी निवडणूक त्या आठवड्यात झाली, आणि तिला मतदार नव्हते.

आता विजेचं सांगतो, कारण तुझा पहिला प्रश्न तिथेच येऊन मिळतो. तुमचं राज्य तेल आणि वायू विकून जगतं, आमचं वीज विकत घेऊन. सोनभद्रात रिहंदचं धरण आहे, ओबरा, अनपरा, सिंगरौलीची औष्णिक केंद्रं आहेत, तरी एवढ्या लोकसंख्येला ते पुरत नाही. जिथे वस्तू अपुरी, तिथे वाटणारा राजा. २०१७ पर्यंत इटावा, मैनपुरी, कन्नौज असे ‘व्हीआयपी जिल्हे’ होते. नेत्यांच्या जिल्ह्यांना चोवीस तास वीज आणि शेजारच्या जिल्ह्यात अंधार. म्हणूनच त्या निवडणुकीत वीज हा भाषणांचा विषय झाला, आणि तोही रमजानला किती, दिवाळीला किती अशा वळणावर गेला. सत्ता बदलल्यावर जिल्ह्यांची ही उतरंड सरकारने काढून टाकली, ते चांगलं झालं. पण वीज कंपन्यांचा तोटा, वीजचोरीसाठी तारांवर टाकलेल्या ‘कटिया’, थकलेली बिलं हे सगळं मागच्या पानावरून पुढे चालू राहिलं. २०२४ च्या अखेरीस पूर्वांचल आणि दक्षिणांचल या दोन वीज वितरण कंपन्या खाजगी भागीदारीत देण्याचा प्रस्ताव आला. तेव्हापासून कर्मचारी आंदोलन करताहेत. वीज कुणी विकावी हे कोणत्याही प्रचारसभेत मतदारांना विचारलेलं मला आठवत नाही.

तुमच्याकडे पाहा. ओक्लाहोमा सिटीत विधानभवनाच्या आवारातच तेलविहिरीचा मनोरा उभा आहे. २००४ पासून अध्यक्षपदाच्या प्रत्येक निवडणुकीत तिथल्या ७७ च्या ७७ काउंटी रिपब्लिकनांकडे गेल्या. आता यात वाद होणार कशावर? तर पैशांवर. २०१४ नंतर तेलाचे भाव कोसळले, तिजोरी आटली, कित्येक शाळा आठवड्यातून चारच दिवस भरू लागल्या. नव्या विहिरींच्या उत्पादनावरचा कर तेव्हा २ टक्के होता. तो ५ टक्के करायला २०१८ चा वसंत उजाडला, शिक्षक संपाच्या उंबरठ्यावर आले तेव्हा. करवाढीला विधिमंडळाची तीन चतुर्थांश मतं लागतात, असा नियम लोकांनीच १९९२ मध्ये करून ठेवला आहे. यातलं बरंच भांडण एकाच पक्षाच्या घरात झालं. ते कोण कसं लढतो हे ज्या दिवशी ठरतं, तो दिवस नोव्हेंबरातला नाही.

२०१८ चंच बघ. तेव्हाही खुर्ची मोकळी होती. जूनच्या रिपब्लिकन प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, मिक कॉर्नेट पहिले आले, स्टिट दुसरे. कुणालाच निम्मी मतं नाहीत, म्हणून ऑगस्टमध्ये दोघांची पुन्हा लढत झाली आणि दुसरा आलेला जिंकला. त्या ऑगस्टमध्ये मतं पडली तीन लाखांच्या आसपास; नोव्हेंबरमध्ये जवळजवळ बारा लाख. गव्हर्नर त्या तीन लाखांनी ठरवला. उरलेले शिक्कामोर्तब करायला आले.

यंदा ॲटर्नी जनरल जेंटनर ड्रमंड आहेत, सभागृहाचे माजी सभापती चार्ल्स मॅकॉल आहेत, आणखीही आहेत. डेमोक्रॅट्सकडून सिंडी मन्सन. कुणाला मत द्यायचं ते मी सांगणार नाही. प्रत्येकाला तीन गोष्टी मात्र विचार: तेल आणि वायूवरच्या कराचं काय करणार, भाव पडले तर शाळांचा पैसा कुठून आणणार, आणि डेटा सेंटरांसाठी लागणाऱ्या विजेचा बोजा घरगुती बिलांवर पडू देणार का. विजेचे दर ठरवणाऱ्या कॉर्पोरेशन कमिशनचे तिन्ही सदस्यही तुम्हीच निवडता, ती मतपत्रिका कोरी सोडू नकोस. आमच्या विद्युत नियामक आयोगावर सरकार माणसं नेमतं.

तू मतदार म्हणून नोंदणी अपक्ष अशी केलीस, असं लिहिलंस. तुझा स्वभाव पाहता ते समजतं. पण रिपब्लिकन प्रायमरीत फक्त त्या पक्षाच्या नावाने नोंदलेल्यांनाच मत आहे. पक्षाचं नाव लावलं म्हणजे दीक्षा घेतली असं नाही. नोव्हेंबरमध्ये कुणालाही मत द्यायला तू मोकळीच असशील. जी पक्षाशी मनापासून बांधलेली असेल तिची गोष्ट वेगळी, तिने आपल्याच पक्षात राहावं. तू तशी नाहीस. आम्हाला २०१७ मध्ये त्या बैठकीच्या दारापर्यंतही जाता आलं नाही. तुझ्यासाठी ते दार कायद्याने उघडं ठेवलंय, फक्त वेळेत गेलं पाहिजे.

यंदा १ एप्रिलपासून ऑगस्टअखेरपर्यंत पक्षाची नोंद बदलता येत नाही. तेव्हा ३१ मार्चच्या आत जे ठरवायचं ते ठरव, आणि जूनमध्ये मत द्यायला जा. नोव्हेंबरमध्ये तर जाच.

तुझा,
मामा