फुगडीपुरती मोकळीक

जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ वर्षे या वयाला किशोरावस्था मानते आणि ५ ते १७ या वयोगटासाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस, म्हणजे श्वास जलद होईल इतपत, हालचाल आवश्यक ठरवते. १४६ देशांतील शाळकरी मुलांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा ११ ते १७ वयोगटातील ८१ टक्के मुले या मर्यादेपर्यंत पोचत नसल्याचे आणि बहुतेक देशांत मुली मुलग्यांच्या मागे असल्याचे दिसले. भारत व बांगलादेशातील मुलींची स्थिती मात्र तुलनेने बरी होती आणि त्याचे श्रेय त्यांच्या वाट्याला येणाऱ्या घरकामाला असावे, असा अभ्यासकांचा कयास होता.

कुडाळ तालुक्यातील एका वाडीत १९९०च्या दशकात वाढलेल्या प्रस्तुत लेखिकेला हा कयास ओळखीचा वाटणे स्वाभाविक होते. विहिरीचे पाणी शेंदणे, चिखलात वाकून तरवा काढणे, मे महिन्यात काजूच्या बागेत बिया वेचणे या कामांत तिचे शरीर पुरेसे राबत असे. परंतु त्या श्रमाला व्यायाम म्हणण्याची कल्पना घरात कोणाला सुचली नसती, आणि पाळी सुरू झाल्यावर थांबले ते काम नव्हे, तर मळ्यातले लंगडी-खोखो. मुलग्यांचे क्रिकेट त्याच मळ्यात, भातकापणीनंतर, पूर्ववत चालू राहिले.

देहप्रतिमा, म्हणजे स्वतःच्या शरीराविषयी मनात तयार होणारे चित्र, याच वर्षांत पक्की होते आणि ती घडविण्यात आरशापेक्षा शेजारणींचा वाटा मोठा असतो. ‘उन्नात फिरा नको, काळी पडशीत’ ही मालवणी ताकीद लेखिकेने इतक्यांदा ऐकली, की सावळेपणा हा हातून घडणारा दोष आहे आणि मैदान ही तो घडण्याची जागा आहे, असे समीकरण तिच्या मनात बसले. १९७५ पासून बाजारात असलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ने आपल्या नावातून गोरेपणा २०२० मध्ये काढला, वाडीतल्या बोलण्यातून तो अद्याप पुरता गेलेला नाही. गंमत अशी, की त्या काळी दशावताराच्या रंगमंचावर स्त्रीचा डौल दाखविणारा स्त्रीपार्टी हा पुरुष नट असे, त्यामुळे रात्रभर सर्वांदेखत ठसक्यात चालण्याची मुभा स्त्रीरूपाला होती, प्रत्यक्ष मुलीला नव्हती.

अपवाद चतुर्थीचा. गणपतीपुढे फुगडी धरताना दोघी एकमेकींचे हात तिढ्यात घट्ट पकडतात, पावले जुळवून शरीराचा भार मागे झोकतात आणि गरगर फिरतात. कोंबडा घालताना उकिडवे बसून उड्या मारायच्या असल्याने मांड्या भरून येतात आणि धाप लागते. आरोग्यशास्त्राच्या भाषेत ही निःसंशय जोरकस हालचाल आहे. घामाने निथळणाऱ्या, मोठ्याने हसणाऱ्या, केस सुटलेल्या त्याच मुलीला त्या रात्री कोणी टोकत नसे, उलट दमसासाबद्दल म्हाताऱ्या तिचे कौतुक करीत, आणि आपले पाय बळकट आहेत ही जाणीव लेखिकेला प्रथम शाळेच्या कवायतीत नव्हे, तर तेथे झाली. देवाचे निमित्त असल्यामुळे ही मोकळीक मिळते, हे त्या वयात उमगले नाही. विसर्जनानंतर ती संपते, एवढे मात्र कळले.

आता घरोघरी नळ व पंप आले, लावणीला मजूर लावले जातात आणि काजूच्या बागेत शाळकरी मुली क्वचित दिसतात, म्हणजे ज्या कामांमुळे आकडे बरे दिसत होते ती कामे कमी होत आहेत आणि त्यांच्या जागी खेळ आलेला नाही. पहाटे रस्त्याने झपझप चालणाऱ्या, साडीखाली बूट घातलेल्या प्रौढ स्त्रिया कुडाळात दिसतात, कारण मधुमेहाच्या निदानानंतर डॉक्टरांनी चालायला सांगितलेले असते आणि ते निमित्त घरच्यांना मान्य होते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीपाशी असे कोणतेही निमित्त नसते. शिकवणीला पायी पोचता येईल एवढ्या अंतरावरही तिला सोडायला घरची स्कूटर निघते.