ओल राखताना

एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि आम्हा वडूजकरांच्या वाट्याला वर्षाकाठी पाचशेच्या आसपास येतो. तोही बराचसा परतीचा. त्यामुळे खटाव तालुक्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचा खरा हंगाम रब्बीचाच. माझं रान एकरभर, काळं, येरळा नदीच्या अंगाला. त्यात शाळू, मधे हरभऱ्याच्या ओळी आणि कडेनं करडई. तिच्या काट्यांना भिऊन जनावर आत शिरत नाही.

पेरणी झाली की पुढचा पाऊस धरायचाच नाही. जमिनीच्या पोटात जी ओल उतरली, तिच्यावर माघापर्यंत पीक काढायचं. थंडीत पहाटे पडणारं दव पानाला बरं वाटतं, पण मुळीची तहान त्यानं भागत नाही. म्हणून इथं हिवाळ्यातली शेती म्हणजे ओल राखणं, आणि त्याचं अवजार कोळपं. पहिली कोळपणी तीन आठवड्यांनी, तणासाठी. दुसरी पाचव्या आठवड्यात. तिसरी आठव्यात, दातेरी कोळप्यानं, आणि माझ्या लेखी हीच सगळ्यांत मोलाची. काळी माती सुकली की आक्रसते, भेगाळते. भेगेतून खालची ओल उडून जाते आणि मुळ्याही तुटतात. कोळप्यामागं चालताना नजर भेगेवर हवी. दाते वरवर चालले तर भेगेच्या तोंडाशी नुसता पापुद्रा बसतो. रुमण्यावर जरा भार दिला की भुसभुशीत माती आत ओघळते, भेग बुजते. बैल सावकाश हाकावे लागतात. घाई केली की ताटं मोडलीच.

शाळूचं बियाणं मालदांडीचं. मोहोळला निवडलेला हा वाण, ऐंशीहून अधिक वर्षं टिकलाय. राहुरीच्या विद्यापीठाचे फुले वसुधा, फुले रेवती जास्त उतारा देतात, हे खरं. तरी मी मालदांडी सोडलेली नाही. घरची भाकरी आणि गोठ्यातला कडबा, दोन्ही तिच्यावर निभावतात.

आता जिहे-कठापूर योजनेतून कृष्णेचं पाणी तालुक्यात येऊ लागलंय. ज्यांच्या शिवारात ते पोचतंय, त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: सगळं रान उसाखाली घालू नका. थोडा तरी शाळू ठेवा, त्याला एखाददुसरं पाणी द्या, आणि पाणी दिलं म्हणून तिसरी कोळपणी चुकवू नका.