पत्र्याची पेटी

सुरत-भुसावळ लोहमार्गावर नवापूर आणि खांडबारा यांच्या मधलं आमचं चिंचपाडा. इथल्या जमिनीत ना सोनं, ना कोळसा. काळा पाषाण तेवढा उदंड. ज्वालामुखीच्या भेगांत थिजलेल्या लाव्ह्याचे कडे नंदुरबार-धुळ्याच्या मुलखात जुन्या तटबंदीसारखे मैलोन् मैल धावतात. तरीही खाणीच्या गावाचं जे प्राक्तन, ते आमच्या वाट्याला आलंच. मोलाचं होतं ते गाडीत बसून निघून गेलं. आमचं मोलाचं म्हणजे सागवान.

किलिक निक्सन कंपनीची तापी व्हॅली रेल्वे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या खोऱ्यात शिरली आणि डांग-नवापूरच्या रानातला साग दूरच्या बाजारांना जवळ आला. कुठल्या कुठल्या शहरांत त्याची दारं झाली, तुळया झाल्या. लाकडाचा हिशेब सरकारदप्तरी राहतो. ते तोडणाऱ्यांचा, बैलांनी ओढून आणणाऱ्यांचा, रूळ राखणाऱ्यांचा हिशेब कुठे राहतो? आमच्याकडे तो एका पत्र्याच्या पेटीत आहे.

पेटीत सगळ्यांत जड वस्तू आजोबांची हातबत्ती. आजोबा गँगमन होते. बत्तीच्या पत्र्यावर झिजलेली इंग्रजी अक्षरं आहेत, बी. बी. अँड सी. आय. या मार्गावर गाड्या चालवणारी ती रेल्वे 5 नोव्हेंबर 1951 रोजी पश्चिम रेल्वेत विलीन झाली. बत्ती मात्र जुन्याच नावाने आमच्या घरी राहिली. आषाढात नाले फुगले की रात्रगस्त लागे. डोक्यावर घोंगडी, एका हातात काठी, दुसऱ्यात ही बत्ती. रुळाखालची खडी वाहून गेलेली दिसली, की पुढे धावत जाऊन रुळावर फटाके बांधायचे आणि येणाऱ्या गाडीच्या तोंडावर लाल काच फिरवून उभं राहायचं. चाकाखाली फटाका फुटला, की ड्रायव्हर ब्रेक मारी. आत झोपलेल्या माणसांना कधी कळतही नसे, की अंधारात भिजत उभ्या असलेल्या एका मावची आदिवासी माणसाने आपली रात्र सांभाळली. मला ही बत्ती देवघरातल्या समईइतकीच पवित्र वाटते.

तिच्याखाली फडक्यात गुंडाळलेले आजीचे चांदीचे वाळे आणि कलदार रुपयांची माळ. राणीछाप, राजाछाप, सगळे एका दोऱ्यात. आजी नाणं दगडावर वाजवून पारखायची. 1940 पासून सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. ते कायदे तिला ठाऊक नव्हते, पण नाद बदलला हे तिच्या कानांना कळत होतं. पेरणीच्या तोंडाशी माळ सावकाराकडे जायची आणि तूर-भात घरात आला, की सोडवून आणली जायची. काही रुपये परत आलेच नाहीत. तिथे तिने दोऱ्याला गाठी मारून ठेवल्या. ही गाठ बैल मेला त्या वर्षीची. ही आत्याच्या लग्नाची. आणि ही माझ्या वडिलांच्या तापाची. तेव्हा 1942 साली सुरू झालेल्या इथल्या मिशन दवाखान्याने आसपासच्या पाड्यांवरच्या किती पोरांना वाचवलं, हे ती गाठीवर बोट ठेवून सांगायची. तिला अक्षर येत नव्हतं. तिची वही म्हणजे हा दोरा.

पेटीच्या तळाशी कागद आहेत. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, नोकरीचे चिटोरे, जीर्ण सातबारा. आदिवासी घरात अशा कागदांची किंमत आठवणींपुरती नसते. नातवंडांची जमात पडताळणी निघाली, की 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचा पुरावा शोधावा लागतो. तेव्हा वाळवीने कुरतडलेला एक दाखला अख्ख्या कुळाच्या पोरांना पुढे शिकू देतो. एका कागदावर आजोबांचं नाव ऱ्हस्व, दुसऱ्यावर दीर्घ. या एका वेलांटीपायी अर्ज महिनोन् महिने पडून राहतात.

पण याच देशाच्या कायद्याने एक मोठी गोष्ट मान्य केली आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याखालच्या नियमांत, 13 डिसेंबर 2005 आधीची वहिवाट दाखवण्यासाठी नुसते कागदच चालतात असं नाही. घर, विहीर, बांध, दफनभूमी हेही पुरावे आहेत, आणि गावातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेला आणि लिहून घेतलेला जबाबही पुरावा आहे. म्हाताऱ्या माणसाची आठवण सरकारने पुराव्यात धरली! हा नियम वाचला तेव्हा मला आजीच्या गाठी आठवल्या आणि ऊर भरून आला. पिढ्यान् पिढ्या ज्यांना अडाणी म्हटलं, त्यांच्या तोंडचा शब्द अखेर दस्तऐवज ठरला.

मात्र जबाबाला माणूस जिवंत असावा लागतो. गाठ दोऱ्याला राहते, तिची गोष्ट राहत नाही. सांगणारं माणूस गेलं, की बत्ती भंगारात जाते, माळ वितळते आणि फोटोतले चेहरे अनोळखी होतात. आमच्या भागातली कितीतरी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत उतरतात. अशा घरांमागे पेट्याही बेवारशी होतात. आणि ज्या मावची बोलीत या गोष्टी सांगितल्या गेल्या, तीही शाळेच्या पायरीशी थबकते आहे. मराठीत मी गोष्ट लिहू शकतो. आजीचा हेल, तिचं मध्येच थांबणं, रानातल्या झाडांची तिची नावं मराठीत जशीच्या तशी येत नाहीत.

म्हणून नवापूर-नंदुरबारच्या, आणि जिथून काही ना काही बाहेर गेलं अशा प्रत्येक गावच्या तरुणांना माझं सांगणं आहे. घरातली पेटी या सुट्टीत उघडा. फोटोच्या मागे पेन्सिलीने नाव, गाव, साल लिहा. दाखल्यांच्या प्रती काढून दोन ठिकाणी ठेवा. आणि आजी-आजोबांसमोर मोबाईल ठेवून त्यांना त्यांच्याच बोलीत बोलू द्या. मध्ये बोलू नका, दुरुस्त करू नका. आपल्या रानाचा साग परत येणार नाही. आपली माणसं कोण होती, हे मात्र अजून आपल्या हातात आहे. ते आजच लिहून घ्या.