चकवा

नातवाने माझ्यापुढे न्यायनिवाड्यासाठी प्रकरण आणावे, असा योग सहसा येत नाही. गेल्या दिवाळीत तो आला. आमच्या मूलच्या घराच्या पडवीत चार मुले डोक्याला डोके लावून बसली होती. मध्ये वीस बाजूंचा एक फासा, शिसपेन्सिली आणि वहीची फाडलेली पाने. भांडण हातघाईवर आले होते.

"आबाजी, तुम्हीच सांगा. वनरक्षकाले वाघ पाळता येते का नाही?"

चंद्रपूर जिल्ह्यात असला प्रश्न कोणी थट्टेने विचारत नाही. मी चष्मा मागवला.

खेळाचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गायगॅक्स आणि आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी तो १९७४ साली बाजारात आणला. एकाने सूत्रधार व्हायचे, बाकीच्यांनी योद्धा, मांत्रिक, चोर अशी सोंगे घ्यायची; सोंगाचे बळ आकड्यांत मोजलेले, आणि जिथे शंका तिथे फासा. झाडीपट्टीत रात्र जागवून ज्याने दंडार पाहिली आहे, त्याला यात फारसे नवल वाटू नये. मात्र आपल्या सोंगांना नियमांचे पुस्तक नसते. यांना आहे, आणि ते चांगले जाडजूड आहे.

वाघाचा निकाल सोपा निघाला. २०१४ च्या पुस्तकाप्रमाणे वनरक्षकाचे सोबती जनावर मध्यम आकाराहून मोठे नको आणि त्याचा दर्जा पाव अंकाच्या वर नको. वाघ आकाराने मोठा, दर्जा एक. बिबट मात्र दोन्ही मापांत बरोबर बसतो. बिबट चालेल, वाघ नाही, असे मी जाहीर केले. (आमच्या आळीतल्या कोंबड्या पाळणाऱ्या कोणत्याही म्हातारीने याच्या नेमका उलट निकाल दिला असता.)

त्याच पुस्तकात लिहिले आहे की, आपल्या ओळखीच्या रानात वनरक्षक बरोबर असला म्हणजे सोबतची मंडळी वाट चुकत नाहीत. झाडीने त्यांची चाल मंदावत नाही. अन्न तो दुप्पट गोळा करतो. जगभरच्या खेळाडूंनी या सोंगाविरुद्ध गाऱ्हाणी केली, आणि तीही दोन तोंडांची: ओळखीच्या रानात हा इतका बिनचूक, की रानाची गंमतच संपते, आणि रान बदलले, की बिचारा काही कामाचा नाही. कर्त्यांनी २०१६ साली तो दुरुस्त करून पुन्हा लोकांच्या परीक्षेला ठेवला. मला गाऱ्हाणे पटले. वाट चुकायचीच नसेल, तर रान आणि बैठकीची खोली यांत फरक काय?

पण त्या कलमाला एक शेपूट आहे: जादूने चुकली तर चुकली. शेजारची मुलगी नेमकी तिथेच अडली. "चकवा लागला तर? चकवा जादूत धरायचा का?"

असा प्रश्न त्या अमेरिकनांना कोणी विचारला नसेल. माझ्या लहानपणी आमचे एक शेजारी सिंदेवाहीच्या वाटेवर रात्रभर एकाच मोहाला फेऱ्या घालत राहिले. कोंबडा आरवला तेव्हा गाव दोन बांधांवर होते. ते गृहस्थ दारू पीत नसत. मी चकवा जादूत धरला.

नातू रडकुंडीला आला. तेव्हा कुठे मी त्याचे पान नीट पाहिले. वनरक्षक पुस्तकातला नव्हताच. त्याने नवा रचला होता. मागून हल्ला होणार नाही. झोपेतही चाहूल लागते. वाघाचा घाव बसत नाही. वाट चुकत नाही, जादूनेही नाही. आणि वर नाव आईचे. हे सोंग फार भारी आहे, दुसऱ्यांना काही कामच उरत नाही, असे मुलांचे म्हणणे. आणि ते खरे होते.

सूनबाई ताडोबाच्या बाहेरच्या पट्ट्यात वनरक्षक आहे. व्याघ्रगणनेच्या वेळी तीन दिवस, रोज पाच किलोमीटर पायी चालून ठसे, विष्ठा, झाडांवरचे ओरखडे टिपावे लागतात. २०२१ च्या नोव्हेंबरात याच कामावर असलेल्या एका महिला वनरक्षकाला ताडोबात वाघिणीने मारले. त्या आठवड्यात आमचा हा मुलगा चार दिवस शाळेत गेला नाही. पोट दुखते म्हणत होता.

संध्याकाळी सूनबाई आली. बुटांच्या नाड्या सोडता सोडता तिने ते पान वाचले, पेन्सिल मागितली आणि पहिली ओळ खोडली.

"मागूनच येते तो," ती म्हणाली.

मग एकेक करून बाकीच्याही खोडल्या आणि खाली लिहिले: एकटी जात नाही, सोबत दोघे असतात. चकव्याचा माझा निकाल तिने कायम केला. "मामाजी, मला दोनदा लागला आहे," एवढेच म्हणाली. घरात हे कोणाला ठाऊक नव्हते.

आता सोबतीच्या दोघांचा हिशेब काय धरायचा, यावर घासाघीस सुरू झाली. शेजारच्या मुलीने पुस्तकातलाच तोडगा काढला: सोबत असली की दोन फासे टाकायचे आणि मोठा आकडा धरायचा. मी जन्मभर गणित शिकवले. कागदावर मांडून दाखवले, की अकरा किंवा अधिक पडायला एका फाशाने निम्मी संधी, दोन फाशांनी पाऊण.

"अन् उरलेल्या पावाचं?" नातवाने विचारले.

सूनबाई तोवर चकल्यांचा घाणा पाहायला आत गेली होती.